गोल होता की नव्हता?

गेल्या महिन्यात एका आंतरमहाविद्यालयीन फुटबॉल सामन्यात आम्ही इतके ओरडलो की दुसऱ्या दिवशी वर्गात आवाज फुटेना. मुलांना वाटलं, सरांना सर्दी झाली. खरं कारण सांगायची लाज वाटली, म्हणून हळदीचं दूध घेतोय असं सांगून वेळ मारून नेली.

कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉल सामन्यात ओरडू नकोस म्हणणं म्हणजे रमजानमध्ये इफ्तारच्या दस्तरख्वानवर बसवून भजी खाऊ नकोस म्हणण्यासारखं आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिसची गाठ पडली की निम्मं गाव तिथं असतं. वर्ल्डकप आला की आमच्या गल्ल्यांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, पोस्टर लागतात, आणि भावाभावांत अबोला होतो. पेठ, तालीम, संघ ही इथं पिढ्यानपिढ्या चालत आलेली नाती आहेत. त्यामुळं पंचाला दोन शिव्या हासडणं हा तिकिटात धरलेला हक्क आहे, अशीच आमचीही समजूत होती. कॉलेजच्या सामन्याला तर तिकीटही नसतं, तरी हक्क शाबूत.

तर त्या सामन्यात आमचा एक जुना विद्यार्थी खेळत होता. वडील रिक्षा चालवतात. सातवीत असल्यापासून या पोराच्या पायात चेंडू बघतोय. एकदा त्यानं गृहपाठाच्या वहीच्या शेवटच्या पानावर मैदान आखून सगळ्या वर्गाला पोझिशन वाटून दिल्या होत्या, त्यात आम्हाला राखीव खेळाडू केलं होतं. आता कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. या स्पर्धेत चांगला खेळला असता तर पुढं निवडीची आशा होती, म्हणून घरची सगळी मंडळी आली होती. त्याची दादीसुद्धा प्लास्टिकच्या खुर्चीवर तसबीह घेऊन बसली होती.

एक गोलनं मागं असताना शेवटच्या पाच-सात मिनिटांत त्यानं डी बाहेरून फटका मारला. चेंडू आडव्या दांड्याच्या खालच्या बाजूला आदळला, सरळ खाली आला, टप्पा पडला आणि बाहेर उडाला. बचावपटूनं तो लाथाडून दिला. आम्ही सगळे उठून नाचायला लागलो, आणि रेफ्रीनं हातानं खूण केली, खेळा पुढं. गोल नाही.

मग जे झालं ते कुठल्याही मैदानावर होतं तेच. बाटल्या आल्या, आया-बहिणी निघाल्या. ‘पैसे खाल्ले’ असं पहिल्यांदा कोण ओरडलं ते सांगता येणार नाही, पण दुसऱ्यांदा आम्ही ओरडलो, हे नक्की. सामना संपल्यावर आमचा पोरगा धावत गेला आणि त्यानं रेफ्रीच्या शर्टाला हात घातला. खिसा फाटला. शिट्टीची दोरी तुटून मातीत पडली.

परतताना पोराचा मामा आमच्या शेजारून चालत होता. तो दबक्या आवाजात म्हणाला, “सर, नाम दुसरा होता तो गोल दिया होता.”

आम्ही त्या वेळी काही बोललो नाही. पण हे वाक्य आम्ही आधीही ऐकलं होतं, आणि तेही वर्गात. जानेवारी 2023 मध्ये पुण्यात कोथरूडला महाराष्ट्र केसरी झाली. माती विभागात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांची कुस्ती होती. सिकंदर मोहोळचा, हमालाचा मुलगा, पण घडला आमच्या गंगावेश तालमीत, म्हणजे कोल्हापूरचाच. महेंद्रनं बाहेरची टांग लावली, पंचांनी चार गुण दिले आणि सिकंदर हरला. त्या एका डावावर महाराष्ट्रभर पंचाईत बसली. सिकंदरची पाठ धोक्याच्या स्थितीत गेली होती की तो कुशीवर पडला होता, चार गुण की दोन, हे ज्यानं जन्मात लंगोट घातला नाही तोही मोबाइलवर क्लिप थांबवून थांबवून सांगत होता. पंचाला फोनवरून धमकी आल्याची तक्रार पोलिसांत गेली. आणि आठवीतला एक मुलगा आम्हाला म्हणाला होता, “सर, शेख आहे म्हणून.”

त्या मुलाला आम्ही एवढंच विचारलं होतं की सिकंदरसाठी सगळ्यात जास्त चिडलंय कोण, ते बघून ये. तो बघून आला. तालमीतले पैलवान, चौकातले वस्ताद, चहाच्या टपरीवरचे म्हातारे. त्यात आपली माणसं किती होती? मूठभर. बाकी सगळं कोल्हापूर आपला पैलवान म्हणून त्याच्यासाठी भांडत होतं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगावला सिकंदरनं शिवराज राक्षेला काही सेकंदांत चितपट केलं आणि गदा घेतली, तेव्हा गुलालही सगळ्यांनीच उधळला.

वाचकहो, आम्ही भोळे नाही. भाड्याचं घर बघायला गेल्यावर आडनाव ऐकून चेहरा कसा बदलतो, हे आमच्या पिढीनं पाहिलंय. पण म्हणूनच हे वाक्य जपून वापरावं असं आम्हाला वाटतं. चेंडू दांड्याला लागला तिथंही तेच आणि घर नाकारलं तिथंही तेच म्हणायला लागलो, तर खऱ्या ठिकाणी कोण ऐकणार?

दोन दिवसांनी पोराचे अब्बा मगरिबनंतर घरी आले. कॉलेजनं पोरावर कारवाई सुरू केली होती आणि हजर असलेल्यांचे लेखी जबाब मागवले होते. चहाला हात न लावता म्हणाले, “सर, तुम तो थे ना वहाँ. दो लाइना लिख के देव, गोल था बोल के. तुम्हारी बात मानेंगे.”

आम्ही कागद घेतला. तारीख टाकली. ‘मी प्रत्यक्ष पाहिले की’ इथपर्यंत लिहिलं आणि पेन थांबलं.

काय पाहिलं होतं आम्ही? बसलो होतो मध्यरेषेच्या जवळ, सावली बघून. तिथून गोल चाळीस-पन्नास मीटर, तोही तिरका. चेंडू खाली आला हे दिसलं, रेषेच्या कुठल्या बाजूला टेकला हे तिथून कुणालाच दिसणं शक्य नव्हतं. आणि नियम तर त्याहून बारीक आहे. चेंडू संपूर्ण रेषेपार गेला तरच गोल. फुटबॉलचा व्यास साधारण 22 सेंटीमीटर असतो, रेषा जास्तीत जास्त 12 सेंटीमीटर रुंद. चेंडू रेषेच्या पलीकडं टेकला, तरी त्याची फुगीर कड वरून रेषेवर असेल, तर गोल नाही. गवतावर चुना फासलेल्या मैदानात, धावत धावत, डोळ्याची पापणी लवते तेवढ्या वेळात हे ठरवायचं.

या एका प्रश्नानं जगाला छळलंय. 1966 च्या वर्ल्डकप फायनलला वेम्ब्लीवर इंग्लंडच्या जेफ हर्स्टचा फटका असाच दांड्याला लागून खाली पडला. पंच स्वित्झर्लंडचे, ते लाइन्समनकडं गेले. लाइन्समन होते अझरबैजानचे तोफिक बहरामोव. त्यांनी मान हलवली, गोल झाला, इंग्लंडनं पश्चिम जर्मनीला 4-2 हरवलं. जर्मन माणूस अजूनही म्हणतो गोल नव्हता. बाकूमध्ये मात्र बहरामोव यांच्या नावाचं स्टेडियम उभं आहे. 2010 मध्ये उलटं झालं. इंग्लंडच्या लॅम्पार्डचा चेंडू जर्मनीविरुद्ध चांगला आत पडून बाहेर आला आणि पंचांना दिसलाच नाही. मग कुठं 2014 च्या वर्ल्डकपपासून गोलरेषेवर कॅमेरे आले.

आणि अली बिन नासर. 1986 ला मेक्सिकोत मॅराडोनानं इंग्लंडविरुद्ध हातानं गोल केला, तो देणारे हे ट्युनिशियाचे पंच. त्यांना हात दिसला नाही. त्यांनी बल्गेरियाच्या लाइन्समनकडं पाहिलं, त्यानं हरकत घेतली नाही, गोल दिला. चारच मिनिटांनी मॅराडोनानं अर्ध्या मैदानातून सगळ्यांना चकवत तो दुसरा गोल केला. त्या धावेत त्याला अडवायचे प्रयत्न झाले, पण बिन नासर यांनी शिट्टी न वाजवता खेळ चालू ठेवला, म्हणून तो गोल जगाला बघायला मिळाला. हे त्यांच्या खात्यात कुणी मांडत नाही. 2015 मध्ये मॅराडोना स्वतः ट्युनिशियात त्यांच्या घरी गेला आणि सही केलेला शर्ट देऊन आला. आमच्या गल्लीतल्या अर्जेंटिनावाल्यांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, “मग? रेफ्री चांगलाच होता की तो!”

कागदाकडं परत येऊ. कुरआनमध्ये हुकूम आहे की गवाही खरी द्या, ती स्वतःच्या, आई-वडिलांच्या, जवळच्यांच्या विरुद्ध गेली तरी. हे आम्ही दीनियातच्या तासाला पन्नास वेळा शिकवलंय. शिकवताना एवढं जड वाटलं नव्हतं. समोर रिक्षावाला बाप बसला होता, पोराचं वर्ष टांगणीला लागलं होतं.

आम्ही आधीचा कागद फाडला आणि दुसरा घेतला. चेंडू दांड्याला लागून खाली पडला हे लिहिलं. रेषा ओलांडली की नाही, हे आमच्या जागेवरून दिसत नव्हतं, हे लिहिलं. पोरानं शर्ट धरला, रेफ्रीनं हात उचलला नाही, हे लिहिलं. सामन्याला एकच लाइन्समन होता आणि तो दुसऱ्या अर्ध्या भागात होता, हे ठळक लिहिलं, कारण खरी चूक तिथं होती. दोन लाइन्समन न आणता सामना खेळवायचा, आणि मग एका माणसाला चारी बाजूंनी बघ म्हणायचं! शेवटी हेही लिहिलं की प्रेक्षकांतून पैसे खाल्ल्याचा आरोप झाला, त्यात आमचाही आवाज होता आणि त्याला आमच्याकडं काही पुरावा नाही.

अब्बांनी कागद दोनदा वाचला. घडी घातली, खिशात ठेवला. “इसमें तो कुछ हैच नहीं सर,” एवढंच म्हणाले आणि सलाम करून गेले. चहा तसाच राहिला.

रेफ्रीची गाठ नंतर पडली. एका शाळेत खेळाचा शिक्षक आहे, आमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. आम्ही माफी मागितली तेव्हा संकोचला. म्हणाला, “सर, मलाही खात्री नव्हती. माझ्या आणि चेंडूच्या मध्ये त्यांचा स्टॉपर आला. खात्री नसताना गोल कसा देऊ? झाला असेल तर अल्लाह, ईश्वर जो असेल तो माफ करो.” काझीनं पूर्ण विचार करून निर्णय दिला आणि तो चुकला तरी त्याला एक सवाब आहे, बरोबर ठरला तर दोन, ही हदीस आम्ही त्याला सांगितली. तो हसला. “मग त्या दिवशीचा एक तरी आला म्हणायचा.” फाटलेल्या शर्टाचं त्यानं काही काढलं नाही.

पोरावर या हंगामापुरती बंदी आली. गेल्या वर्षी अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत पंचाला लाथ मारल्यावर शिवराज राक्षेसारख्या नावाजलेल्या पैलवानाला तीन वर्षांचं निलंबन झालं होतं. त्या मानानं स्वस्तात सुटला. जुम्म्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर भेटला. चपला शोधत होता.

“सर, अब्बा नाराज आहेत तुमच्यावर.”

“ठाऊक आहे.”

“मी नाही.” थोडा वेळ गप्प राहिला. “खरं सांगू? मला पण दिसला नाही. फटका मारताना घसरून पडलो होतो. सगळे ओरडले म्हणून कळलं गोल झाला म्हणून.”

पावसाळ्यात शालेय फुटबॉल स्पर्धा सुरू होतील. दर वर्षी लाइन्समन मिळत नाहीत अशी रड असते, म्हणून या वेळी आम्ही नाव देऊन ठेवलंय. त्या रेफ्रीनंच ऑफसाइड कसा बघायचा हे दोन रविवारी शिकवलं. झेंडा धरता येतो, धावताना पोट जरा आडवं येतं. घरी सांगितलं, तेव्हा आतून आवाज आला, “जरूर जा. आता कळेल, लोक ओरडतात तेव्हा कसं वाटतं.” आणि मग थोड्या वेळानं, “जुना शर्ट घालून जा.”