निवेदन वाचून झाले, प्रश्नांचे काय?

३ जानेवारी २०२१ रोजी दिल्लीत पत्रकारांना पाचारण करण्यात आले. देशाच्या औषध महानियंत्रकांनी दोन करोना-प्रतिबंधक लशींना मंजुरी दिल्याचे लेखी निवेदन वाचले आणि एकही प्रश्न न घेता ते निघून गेले. त्यांपैकी कोव्हॅक्सिन ही लस पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने विलग केलेल्या विषाणूपासून तयार झालेली. तिच्यात सार्वजनिक संशोधनाचा मोठा वाटा होता. मात्र तिच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचण्या तेव्हा चालू होत्या आणि ती रोगाला कितपत अटकाव करते याचे आकडे हाती आलेले नव्हते. ते आकडे ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात नोव्हेंबर २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. परिणामकारकता ७७.८ टक्के भरली, याचा आनंदच आहे. परंतु विद्यार्थी पुढे उत्तीर्ण झाला म्हणून परीक्षेआधी वाटलेली गुणपत्रिका योग्य ठरत नाही.

संशोधनाचे निष्कर्ष सांगण्यासाठी पत्रकार परिषद घेण्यास आमचा मुळीच विरोध नाही. ज्या जनतेच्या करातून प्रयोगशाळा चालतात, तिला त्या प्रयोगशाळांतून काय निष्पन्न झाले हे कळलेच पाहिजे. प्रश्न एवढाच की, पत्रकार परिषद ही छाननीनंतरची पायरी आहे की छाननी टाळण्याची पळवाट?

ही पळवाट किती महाग पडते याची उदाहरणे पाश्चात्त्य देशांतही आहेत. २३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेतील युटा विद्यापीठाने पत्रकार परिषद घेऊन फ्लाइशमन आणि पॉन्स या रसायनशास्त्रज्ञांनी टेबलावरच्या काचपात्रात अणुसंमीलन घडवल्याचे जाहीर केले. शोधनिबंध अद्याप छापलेला नव्हता. घाई होती ती अग्रक्रमाची आणि पेटंटची. थोड्याच दिवसांत राज्याच्या विधिमंडळाने ५० लाख डॉलर मंजूर केले. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ऊर्जा खात्याच्या तज्ज्ञ समितीने हा पुरावा पटण्याजोगा नसल्याचा अहवाल दिला.

तेथे पैसा गेला, लंडनमध्ये मुलांचे आरोग्य पणाला लागले. फेब्रुवारी १९९८ मध्ये अवघ्या १२ मुलांवरील निबंधाच्या निमित्ताने पत्रकार परिषद झाली. गोवराच्या संयुक्त लशीचा स्वमग्नतेशी संबंध सिद्ध झाल्याचे निबंधात म्हटलेले नव्हते; तरीही व्यासपीठावरून अँड्र्यू वेकफील्ड यांनी ती लस थांबवण्याचा सल्ला दिला. पालक धास्तावले, लसीकरणाचे प्रमाण घसरले आणि गोवराने पुन्हा डोके वर काढले. तो निबंध मागे घेण्यास २०१० साल उजाडले. अफवेला पाय असतात. खुलाशाला मात्र पांगळेपण असते.

हे अटळ नाही. ४ जुलै २०१२ रोजी जिनिव्हाजवळील सर्न या संस्थेने नवा मूलकण सापडल्याचे जाहीर केले, तेव्हा संशोधकांनी आपली आकडेमोड आधी शास्त्रज्ञांच्या खुल्या सभेत मांडली आणि त्यानंतर पत्रकारांच्या प्रश्नांना उत्तरे दिली. हा कण हिग्ज बोसॉनच आहे की काय, हे ठरवण्यास अजून काम बाकी असल्याचेही त्यांनी सांगितले. अपुरेपण कबूल केल्याने विज्ञानाची प्रतिष्ठा कमी होत नाही, वाढते.

म्हणून आमची मागणी साधी आहे. सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनाची घोषणा करण्यापूर्वी त्याचा अहवाल व आकडे सर्वांना खुले व्हावेत. खर्च कोणी केला आणि लाभ कोणाला होणार, हे तेथेच सांगितले जावे. संशोधनाशी हितसंबंध नसलेला एक तरी तज्ज्ञ व्यासपीठावर असावा. निवेदनाइतकाच वेळ प्रश्नांसाठी राखून ठेवावा आणि उत्तरे इंग्रजीबरोबरच लोकांच्या भाषेतही मिळावीत.

राज्यघटनेच्या ५१-अ कलमाने वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे नागरिकांचे कर्तव्य ठरवले आहे. हे कर्तव्य बजावायचे तर नागरिकाला प्रश्न विचारता आला पाहिजे. जेथे केवळ टाळ्यांची अपेक्षा असते आणि प्रश्नांना मज्जाव असतो, तेथे विज्ञानाचे नाव घेऊन चालते ती जाहिरातबाजी. सत्तेची असो वा बाजारपेठेची, तिची किंमत अखेर सामान्य माणसालाच मोजावी लागते.