खंडणी, कोट आणि पाठशाळा

इतिहास शिकवितांना मुलांची एक समजूत आम्हांस वारंवार आढळते. परचक्र आलें म्हणजे शूर राजानें तरवार उपसावी, एक मोठी लढाई जिंकावी, कीं राज्य वांचलेंच! नवव्या शतकांतील इंग्लंडचा इतिहास लक्षपूर्वक वाचला म्हणजे ही समजूत टिकत नाहीं.

उत्तर समुद्रापलीकडील लुटारूंनीं इ. स. ७९३ मध्यें लिंडिसफार्नचा मठ लुटला. ८६५ मध्यें त्यांची मोठी फौज आली, ती केवळ लुटून परत जाण्याकरितां नव्हे. नॉर्थंब्रिया, ईस्ट अँग्लिया व मर्सिया हीं राज्यें एकामागून एक कोसळलीं. वेसेक्स तेवढें उरलें. तेथील राजा आल्फ्रेड ८७१ मध्यें गादीवर आला. ८७८ च्या आरंभीं डेन लोकांचा राजा गुथ्रम याच्या अचानक हल्ल्यामुळें त्यास सॉमरसेटच्या दलदलींत दडून राहावें लागलें. पण त्याच वर्षीं एडिंग्टन येथें त्यानें गुथ्रमचा पराभव केला. पुढें गुथ्रमनें बाप्तिस्मा घेतला व आल्फ्रेड त्याचा धर्मपिता झाला.

मुलें गोष्ट येथेंच संपवितात. आल्फ्रेडाचें खरें मोठेपण मात्र यापुढच्या शांततेच्या वर्षांत दिसतें. शत्रु पुन्हां येणार हें तो जाणून होता. त्यानें राज्यांत जागोजाग कोटबंद ठाणीं उभारलीं. त्याच्या पुत्राच्या काळच्या यादींत अशीं सुमारें तीस ठाणीं असून, साडेपांच यार्ड तटामागें चार माणसें असा हिशेब आहे. एकंदर संख्या २७,००० हून अधिक भरते. फौजेचे त्यानें दोन भाग केले. एक मोहिमेवर, दुसरा घरीं. हें काम सर्वांस रुचलें असें नव्हे. आल्फ्रेडाचा चरित्रकार ॲसर सांगतो कीं, कित्येकांनीं आळसानें कोट अपुरे ठेविले, आणि शत्रु आल्यावर व्यर्थ पश्चात्ताप केला. तरीही ८९२ मध्यें जी नवी फौज आली, तिला वेसेक्स जिंकतां आलें नाहीं. ८९६ मध्यें ती पांगली.

याच काळांत राजा स्वतः लॅटिन शिकून ग्रंथ इंग्रजींत उतरवीत होता. ऐपत असलेल्या स्वतंत्र कुळांतील मुलांस इंग्रजी वाचतां यावें, अशी त्याची इच्छा होती. तटाइतकीच पाठशाळाही त्यास राज्यरक्षणास अवश्य वाटली, असें आम्ही समजतों.

आतां त्याचा खापरपणतू एथेलरेड याच्याकडे पाहूं. ९९१ मध्यें १०,००० पौंड, १०१२ मध्यें ४८,००० पौंड, अशी खंडणी वाढत गेली. आणि १०१६ मध्यें डेन राजपुत्र कन्यूट इंग्लंडचा राजा झाला. एथेलरेडाचे शत्रु अधिक बलाढ्य होते हें खरें. शिवाय ८७१ च्या तहासाठीं आल्फ्रेडानेंही पैसा मोजला असावा, असें इतिहासकार मानितात. म्हणून पैसा देणें हाच दोष, असें आम्ही म्हणत नाहीं. त्या पैशानें जो अवधि मिळाला, त्याचें काय केलें, हा खरा प्रश्न.

पालकहो, आपण फी भरतां तेव्हां मुलांकरितां असाच अवधि विकत घेतां. विद्यार्थिमित्रांनो, परीक्षेपुरती घोकंपट्टी करून सुटका करून घेणें म्हणजे दरवर्षीं वाढती खंडणी भरणें होय. संकट दूर असतां एक एक दगड रचावा. शत्रु दृष्टीस पडल्यावर कोट बांधतां येत नाहीं.