पाण्यात उतरू नका, काच लावा

पाण्याचा रेशमी फोटो काढायला पाण्यात उतरावं लागत नाही, हे आधी मनात पक्कं करा. मिरगाचा पाऊस लागला की आचरा, मालवण, कणकवलीकडची तरुण मंडळी सावडाव, नापणे, आंबोलीच्या धबधब्यांच्या वाटेला लागतात. हल्ली त्यांच्यातल्या बऱ्याच जणांकडे मोबाइलबरोबर कॅमेराही असतो, आणि याचा मला मनापासून आनंद आहे. पण चांगला फोटो मिळावा म्हणून शेवाळलेल्या कातळावरून कोंडीच्या तोंडाशी ट्रायपॉड रोवणारी पोरं पाहिली की जीव खालीवर होतो. ज्या फोटोसाठी ती पुढे सरकतात, तो मागे उभं राहिल्यावर जास्त चांगला येतो.

त्या फोटोमागे गुपित काही नाही. शटर अर्धा-एक सेकंद उघडं राहिलं की तेवढ्या वेळात पडलेलं सगळं पाणी फोटोत एकमेकांत मिसळतं आणि सलग वाहताना दिसतं. कातळ मात्र हलत नाही, म्हणून तो ठसठशीत राहतो. दिवसाढवळ्या इतका वेळ शटर उघडं ठेवलं तर फोटो पांढराफटक होईल. त्यासाठी भिंगापुढे काळपट काच लावायची. तिला एनडी फिल्टर म्हणतात. चांगली काच रंग बिघडवत नाही, फक्त उजेड कमी करते. एनडी ८ उजेडाचा आठवा भाग आत सोडते, एनडी ६४ चौसष्टावा आणि एनडी १००० हजारावा.

नव्याने शिकणारे दुकानात गेल्यावर सगळ्यात काळी काच मागतात. आपल्याकडच्या धबधब्यांसाठी तिची गरज क्वचितच पडते. आंबोलीच्या ढगाळ, झाडाखालच्या उजेडात आयएसओ १०० आणि अ‍ॅपर्चर ११ ठेवलं, तर काचेशिवाय शटर साधारण एक पंधरांश सेकंद येतं असं धरा. एनडी ८ लावली की ते अर्ध्या सेकंदावर जातं, एनडी ६४ लावली की चार सेकंदांवर आणि एनडी १००० लावली की एक मिनिटाच्या वर. अर्ध्या सेकंदात पाण्याचे धागे सुटे दिसतात, त्याला वळण आणि वजन असतं. मिनिटभरात सगळं सपाट पांढरं होतं, आणि वाऱ्याने हलणारी पानंही पुसली जातात. म्हणून धबधब्यासाठी आधी एनडी ८ घ्या, जमलं तर एनडी ६४. हजारची काच आचऱ्याच्या किनाऱ्यावर भर उन्हात कामाला येते. तिथे काचेशिवाय शटर सेकंदाचा अडीचशेवा भाग येत असेल, तर तिच्यामुळे चार सेकंद मिळतात आणि लाटा वाळूवर पसरताना दिसतात.

दोन काचा एकमेकींवर फिरवून काळोख कमी-जास्त करता येणारा फिल्टरही मिळतो. तो सोयीचा आहे, पण शेवटच्या टोकापर्यंत फिरवला तर फोटोत काळी फुली उमटते. वेल्डिंगची काच चिकटवण्याची युक्तीही कोणीतरी सांगेल. ती फोटो हिरवा करते; गंमत म्हणून करून बघा, कामासाठी नको. वेगवेगळ्या मापाच्या लेन्स असतील तर मोठ्या मापाची एकच काच घ्या आणि धाकट्या लेन्सला जोडणारी कडी घ्या. पैसे उरले तर पोलरायझर घ्या. ओल्या पानांवरची आणि कातळावरची चमक तो उतरवतो, शिवाय स्वतःही थोडा उजेड अडवतो. ढगाळ दिवशी सावडावला तेवढा एकटा पोलरायझरही पुरतो.

क्रम नीट लक्षात ठेवा. ट्रायपॉड लावा, चौकट ठरवा, फोकस करा, मग फोकस हाताचा करून टाका आणि त्यानंतरच काच चढवा. काळ्या काचेतून कॅमेऱ्याला फोकस सापडत नाही. लेन्समध्ये हात स्थिर ठेवणारी सोय असेल तर ट्रायपॉडवर ती बंद ठेवा. शटर बोटाने न दाबता दोन सेकंदांच्या टायमरवर सोडा. काच जास्त काळी असेल तर कॅमेऱ्याची डोळ्याची खिडकी कापडाने झाका, नाहीतर मागून उजेड शिरतो. अ‍ॅपर्चर २२ वर नेऊन काच वाचवण्याचा मोह टाळा, सगळाच फोटो मऊ पडतो. पांढऱ्या पाण्यातला तपशील एकदा जळला की तो परत येत नाही, तेव्हा फोटो थोडा गडदच घ्या.

आता मागे उभं राहण्याबद्दल. काच लावल्यावर उरलेलं काम ट्रायपॉड करतो, तुमचं जवळ जाणं काहीच वाढवत नाही. उलट जवळ तुषार उडतात, आणि सेकंदभराच्या फोटोत काचेवरचा एक थेंबसुद्धा मोठा डाग होतो. कठड्याच्या अलीकडून, पायरीवरून, लांबची लेन्स लावून धबधब्याचा एक टप्पा, एक कातळ, एक फांदी निवडा. आंबोलीचा मुख्य धबधबा घाटरस्त्यालाच आहे, तिथे वळणावर डांबरावर ट्रायपॉड मांडू नका. शनिवार-रविवार सोडून सकाळी लवकर जा.

२०२४च्या ३० जूनला लोणावळ्याला भुशी धरणामागच्या प्रवाहात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यानंतर पंधरवडा होतो न होतो तोच माणगाव तालुक्यातल्या कुंभे धबधब्यापाशी रील करायला गेलेली एक तरुणी दरीत पडून गेली. या बातम्या आपण वाचतो आणि पुढच्या रविवारी तसेच निघतो. खाली ऊन पडलेलं असतानाही वर सह्याद्रीत पाऊस कोसळत असतो, आणि व्हाळाला लोंढा तिथून येतो. पाणी अचानक लाल-गढूळ झालं, वरून पालापाचोळा आणि काटक्या यायला लागल्या, आवाज जड झाला, तर ती सूचना समजा. एरवीही गढूळ पाण्याचा लांब एक्स्पोजर चहाच्या रंगाचा येतो. पाऊस ओसरल्यावर पाणी निवळेल, तेव्हा या. नापण्याचा धबधबा तर बारमाही आहे, तिथे गणपतीनंतर निवांत काम करता येतं.

आंबोलीत आणखी एक जपा. तिथल्या जांभ्याच्या सड्यावर पावसात साचलेल्या उथळ डबक्यांत आंबोली टोड हा बेडूक अंडी घालतो. तो नामशेष होण्याच्या अगदी काठावर आहे. चौकट स्वच्छ करायला दगड उलटू नका, डबक्यात ट्रायपॉडचा पाय रोवू नका.

वाहतं पाणी मऊ दिसणं ही आजची टूम नाही. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्यात होते. त्या काळच्या काचेच्या प्लेटा इतक्या मंद होत्या की वाहतं पाणी आपोआपच मऊ उमटायचं. तेव्हाच्या फोटोग्राफरला ती अडचण वाटत असेल. आज आपण मुद्दाम काळी काच लावून तोच मंदपणा मागून आणतो.

ज्यांच्याकडे कॅमेरा नाही त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. आयफोनवर लाइव्ह फोटो काढून त्याला लाँग एक्स्पोजरचा परिणाम देता येतो, काही अँड्रॉइड फोनांतही तशी सोय असते. फोन कठड्याला घट्ट टेकवा, एवढंच.

आणि पहिला सराव घाटात करू नका. ओहोटीच्या वेळी आचऱ्याच्या वाळूत कोरड्या जागी ट्रायपॉड लावून काच चढवणं, उतरवणं, पुसणं हाताला बसू द्या, म्हणजे धबधब्यापाशी नजर कॅमेऱ्यात अडकून राहणार नाही. खाऱ्या हवेतून आल्यावर काच ओलसर कापडाने, मग कोरड्याने पुसा आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात ठेवा, नाहीतर कोकणातल्या दमट हवेत बुरशी धरते. घाटात जाताना घरी जागा आणि परतीची वेळ सांगा, आणि तिथल्या एखाद्या माणसाने "पाणी वाढताहा, वर येवा" म्हटलं की एक्स्पोजर अर्ध्यावर असला तरी ट्रायपॉड उचला.