ॲटिट्यूड आणि विरार फास्ट

कुठल्याही ऑफिसात जा, एक ट्रेनिंग हमखास असतं. पॉझिटिव्ह ॲटिट्यूडचं. तो अर्धा भरलेला पेला इतक्या वेळा दाखवून झालाय की एव्हाना त्यातलं पाणी आटलं असेल! सारांश काय, तर सुख मानण्यावर असतं, त्यामुळे तक्रार करू नका.

मला पहिला भाग पटतो. ते "त्यामुळे" पटत नाही.

आमचं मीरा-भाईंदरच घ्या. चर्चगेटपासून भाईंदर सुमारे ४३ किलोमीटर. सकाळी विरार फास्टमध्ये भाईंदरला चढणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच ठाऊक. नुसतं बसायला मिळावं म्हणून लोक आधी उलटे विरारकडे जातात आणि मग परत येतात. डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली टेक्सासमधल्या ९०९ नोकरदार बायकांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. आदल्या दिवशी काय करताना कसं वाटलं, ते त्यांनी लिहायचं. सगळ्यात तळाला काय निघालं? सकाळी कामावर जायचा प्रवास! आणि तिथे बहुतेक जण गाडीत बसून जातात, दारात लटकून नाही.

११ जुलै २००६ ला लोकलमध्ये सात स्फोट झाले, त्यातला एक मीरा रोड-भाईंदरच्या दरम्यान. दुसऱ्या दिवशी लोक कामावर गेले आणि सगळ्यांनी "मुंबई स्पिरिट"चं कौतुक केलं. अहो, कित्येकांना घराचा हप्ता होता आणि रजा नव्हती! नाइलाजाला ॲटिट्यूड म्हटलं की व्यवस्था सुधारायची जबाबदारी आपोआप टळते.

मग ॲटिट्यूड फालतू आहे का? मुळीच नाही. लोकलमधलं भजनी मंडळ बघा. तीच गाडी, तीच गर्दी, पण टाळ वाजवत चेहरे फुललेले. मात्र तिथे कुणी एकटा डोळे मिटून "मी आनंदी आहे" म्हणत नसतो. कुणी जागा धरतो, कुणी आला नाही तर दुसरा फोन करतो. सुख मानण्यावर असेलही, पण मानायला चार माणसं लागतात.

आणि खरी परीक्षा घरी असते. दिवसभर क्लायंटला "नो प्रॉब्लेम" म्हणणारे आपण, दार उघडणाऱ्या माणसाला म्हणतो, "आता नको, दमलोय." ती बहुतेक वेळा लेडीज डब्यातून तेवढीच चेंगरून आलेली असते आणि कुकर लावत असते. तिच्या ॲटिट्यूडचं ट्रेनिंग कोणी घेत नाही, तो गृहीत धरलेला असतो. क्लायंटपुढे गिळता येतं, तर घरीही गिळता येतं. म्हणजे हा भाग नक्की आपल्या हातात आहे. भाजी चिरायला घ्या, बोलणं आपोआप सुरू होतं.

ऑफिसातही तेच. गाडीत रोज कुरकुर करण्यापेक्षा एकदा मॅनेजरला सरळ मेल लिहा : आठवड्यातून दोन दिवस घरून काम, किंवा गर्दी टळेल अशी वेळ. चौघांनी मिळून लिहिलं तर आणखी बरं. याला कोणी निगेटिव्ह म्हणालं तर म्हणू दे. परिस्थिती बदलायचा प्रयत्न करणं हासुद्धा ॲटिट्यूडच आहे की, फक्त तो ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत.

बघा पटतंय का. नाहीतर आहेच सोमवार, आणि विरार फास्ट.