तारामती कोण होणार?

आमच्या आचोळ्याच्या शाळेत संमेलनाच्या तालमी सुरू आहेत. नाटुकलं आहे राजा हरिश्चंद्राचं. 'तारामती कोण होणार?' म्हटलं, तर सात मुलींनी हात वर केले. माझी पंचाईत!

दादासाहेब फाळक्यांची पंचाईत उलटी होती. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी त्यांना तारामतीच मिळेना. सिनेमात काम म्हणजे घराण्याला बट्टा, अशी तेव्हाची समजूत. शेवटी उपाहारगृहात काम करणारे अण्णा साळुंके लुगडं नेसून तारामती झाले!

१९३२ साली प्रभात कंपनीने कोल्हापुरात हीच गोष्ट 'अयोध्येचा राजा' या बोलपटातून सांगितली. या वेळी तारामती होत्या दुर्गा खोटे. मुंबईच्या मोठ्या घरातल्या, शिकलेल्या. पार्श्वगायन नव्हतं, गाणीही स्वतःच म्हणायची. लोकांनी नावं ठेवली. ऐन तरुणपणी वैधव्य आलं, पदरी दोन मुलगे. पण काम थांबलं नाही. रंगभूमीवर 'भाऊबंदकी'तली आनंदीबाई, पडद्यावर 'मुघल-ए-आझम'मधली सलीमची आई. (ही आई तुमच्या आजीला नक्की आठवत असेल, विचारा.)

आणि १९८३ सालचा, आयुष्यभराच्या कामगिरीसाठीचा चित्रपटसृष्टीतला सर्वांत मोठा सन्मान दुर्गाबाईंना मिळाला. त्याचं नाव? दादासाहेब फाळके पुरस्कार! ज्यांना तारामती सापडली नव्हती, त्यांच्याच नावाचा.

आमची तारामती मात्र अजून ठरायचीय. सातांतली एक काल हळूच म्हणाली, "बाई, मी हरिश्चंद्र झाले तर चालेल?"