चिमणराव सायकलवर बसले तर बिघडते कुठे?

मराठी मुलांसाठी सायकलस्वारीचा एक व्हिडिओ गेम तयार करावा आणि त्यातील स्वार आपल्या ओळखीचे, म्हणजे चिमणराव, गुंड्याभाऊ, फास्टर फेणे असे असावेत, अशी कल्पना आमच्या मंडळातील काही तरुण सभासदांनी मांडली. ज्येष्ठांनी तिची वासलात ‘साहित्याची विटंबना’ या दोन शब्दांत लावली. असे ठरीव शब्द सरकारी टिप्पणीतही फार उपयोगी पडतात. प्रकरण निकालात निघते आणि विचार करण्याचे श्रम वाचतात. हा निकाल आम्हांस मान्य नाही. आणि कल्पना ज्या स्वरूपात मांडली गेली, ते स्वरूपही मान्य नाही.

प्रथम विटंबनेविषयी. चिं. वि. जोशी बडोद्यात पालीचे अध्यापन करीत असत. चिमणराव हा आम्हां बडोदेकरांच्या घरचाच माणूस. त्यांच्या कथेवरून ‘लग्न पहावे करून’ हा चित्रपट १९४० साली, लेखकाच्या हयातीत निघाला. सिनेमा पाहणे हे त्या काळी पुष्कळ घरांत वाया जाण्याचे लक्षण समजले जाई. पुढे मुंबई दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर आणि बाळ कर्वे यांनी ही जोडी घरोघरी नेली. भा. रा. भागवत तर जन्माने इंदूरचे. त्यांचा फुरसुंगीचा बनेश फेणे २०१७ साली चित्रपटगृहात पोहोचला. एवढे सगळे पचवलेल्या पात्रांना खेळाच्या पडद्यावर मात्र विटाळ होतो, हे कोणते शास्त्र?

शिवाय कायदा काय म्हणतो, हे ज्येष्ठांनी पाहिलेले दिसत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून साठ वर्षे हक्क टिकतो. चिं. वि. १९६३ साली वारले. म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या चिमणरावांच्या कथा ३१ डिसेंबर २०२३ नंतर सर्वांच्या झाल्या. भागवतांचे निधन २००१ चे. फेणेला हात लावायचा तर वारसांची लेखी अनुमती हवी, आणि ती २०६१ संपेपर्यंत लागेल. पुस्तकांतली चित्रे, मालिकेतले चेहरे यांचे हक्क निराळे. ते गृहीत धरू नयेत. पण मूळ चिमणराव आता मोकळे आहेत, आणि ते केवळ आपल्यासाठी मोकळे नाहीत. मराठीचा गंध नसलेला कोणीही व्यापारी उद्या त्यांना मोटारसायकलवर बसवून तोंडी शिव्या घालू शकतो. आपण नकाराचा ठराव करून त्यांचे रक्षण होत नाही.

आता तरुणांच्या आराखड्याकडे वळू. त्यात शर्यत आहे, गुण आहेत, शेजारच्या स्वाराला लाथ मारून पाडण्याची सोय आहे. हा सरळसरळ १९९१ चा ‘रोड रॅश’ आहे. फक्त स्वाराला धोतर नेसवले आहे. आमची कसोटी साधी आहे. चिमणरावांच्या जागी दुसरा कोणीही बसवला आणि खेळात तसूभर फरक पडला नाही, तर ते चिमणराव नव्हेत, मुखवटा आहे. खेळात पात्राचा स्वभाव वर्णनाने कळत नाही, नियमांनी कळतो: कशाला गुण मिळतात, कशाने डाव जातो. भित्र्या, भिडस्त चिमणरावांनी शर्यत जिंकणे हा पात्राचा मृत्यू आहे. त्यांना कार्यालयात वेळेवर पोहोचायचे आहे, वाटेत काऊने सांगितलेली भाजी घ्यायची आहे, ओळखीचा माणूस भेटला तर त्याला टाळता येत नाही, आणि मागून राकट गुंड्याभाऊ ओरडत आहेत. यातच खेळ आहे! फेणेचे उलट. त्याची सायकल हे साधन. रहस्याच्या मागे जाताना तिचा वेग कामी येतो. दोघांना एकाच मैदानात, एकाच नियमाने पळवणे म्हणजे दोघांनाही न वाचणे.

रस्त्यावरचे साधे काम हाच खेळ होऊ शकतो, याला दाखला आहे. १९८० च्या दशकातील अटारीच्या ‘पेपरबॉय’मध्ये सायकलवरचा पोरगा घरोघरी वर्तमानपत्रे टाकतो, एवढेच. त्या यंत्राला सायकलचे हँडलच जोडलेले असे. लोकांनी तो आवडीने खेळला.

आमचा खरा आग्रह भाषेचा आहे, आणि आराखड्यात तिच्याविषयी एक ओळही नाही. आमच्याकडची नातवंडे घरात मराठी बोलतात, बाहेर गुजराती, शाळेत इंग्रजी. हिंदीमुळे देवनागरी त्यांना येते, पण चिमणरावांचे एक पानही ती सलग वाचत नाहीत. ती वाचतील म्हणून आम्ही स्पर्धा घेतल्या, बक्षिसे दिली; बक्षिसे घरी गेली, पुस्तके कपाटात परतली. त्या कानांवर खेळताना का होईना, गुंड्याभाऊंचे फटकळ मराठी पडावे, असे आम्हांस वाटते. पण ते जाणत्या माणसाने लिहिलेले आणि नीट उच्चारलेले असावे. इंग्रजी सूचनांचे यांत्रिक भाषांतर चालणार नाही. ‘पुन्हा प्रयत्न करा’ असे कोरडे वाक्य गुंड्याभाऊ कधी बोलले असते का?

तेव्हा मंडळाने आराखडा फेटाळू नये, परत पाठवावा. आरंभ एकट्या चिमणरावांपासून, एका रस्त्यापासून करावा. संवाद आमच्यापैकी कोणीतरी बसून लिहावेत. विटंबनेची सर्वाधिक चिंता ज्यांना आहे त्यांनीच ते प्रथम हाती घ्यावेत. फेणेसाठी वारसांकडे रीतसर अर्ज आजच जावा, कारण अशा अर्जांना लागणारा वेळ आम्ही टेबलाच्या पलीकडच्या बाजूने पाहिलेला आहे.