प्रलयाची तिथी

उज्जयिनीच्या रामघाटावर क्षिप्रास्नानाचा संकल्प सोडताना आपण कलियुगाच्या प्रथम चरणाचा उच्चार करतो. ४,३२,००० वर्षांपैकी जेमतेम पाच हजार सरली आहेत!

अमेरिकेत विल्यम मिलरने दानीएलाच्या ग्रंथातील २३०० दिवसांची वर्षे मानून गणित मांडले. त्याच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरली. हॅरॉल्ड कॅम्पिंगने २१ मे २०११ हा निवाड्याचा दिवस सांगितला. दोन्ही दिवस सुखरूप मावळले. ती घटका पित्यावाचून कोणास ठाऊक नाही, असे त्यांचेच शुभवर्तमान बजावीत असता हा अट्टाहास का? अन्यायाचा निवाडा आपल्या हयातीतच व्हावा, ही तळमळ त्यामागे आहे, असे आम्हांस वाटते. तिची थट्टा आम्हांस मान्य नाही.

आणि हसावे तरी कोणत्या तोंडाने? फेब्रुवारी १९६२ मध्ये मकर राशीत अष्टग्रही जुळली, तेव्हा ओठांवर हाच संकल्प असूनही आपल्यांतील कित्येकांनी प्रलयभयाने होमकुंडे पेटविली. कालगणना कर्तव्याची वेळ कळावी म्हणून आहे, भीतीचा बाजार मांडण्यासाठी नव्हे. संकल्प अर्थ जाणून उच्चारू लागलो, तर प्रलयाच्या तारखांना आपल्या दारी गिऱ्हाईक उरणार नाही.